जरब आकड्यांची नव्हे, टिकून राहण्याची

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या नागपूरच्या झिरो माइलचा वालुकाश्माचा खांब आणि त्याच्याजवळचे घोडे पाहताना, आपण देशाच्या मधोमध, सीमेपासून दूर आणि म्हणून सुरक्षित आहोत, अशी समजूत नकळत मनात घर करते. पण बीजिंग इथून सुमारे ४ हजार किलोमीटरवर आहे आणि हे अंतर कापणारी क्षेपणास्त्रे चीनकडे अनेक दशकांपासून आहेत.

चीनने पहिली अणुचाचणी १६ ऑक्टोबर १९६४ रोजी केली, तरी पुढे दीर्घकाळ आपला साठा बेताचाच ठेवला. २०२१ मध्ये मात्र वायव्य चीनमधल्या युमेन आणि हामीजवळच्या वाळवंटात क्षेपणास्त्रांसाठी बांधल्या जाणाऱ्या दोनशेहून अधिक भूमिगत कोठ्या उपग्रहचित्रांत दिसल्या. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या शांतता-संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये चीनकडे सुमारे ६०० अण्वस्त्रे होती, आपल्याकडे सुमारे १८०. हे ऐकून ‘आपणही ६०० करू’ असे म्हणणाऱ्यांची काळजी मी समजू शकतो; त्यांचा हिशेब मात्र मला मान्य नाही.

४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेल्या आपल्या धोरणानुसार भारत अण्वस्त्राचा वापर प्रथम करणार नाही, पण आपल्यावर तसा हल्ला झाला तर प्रत्युत्तर असह्य हानी करणारे असेल. पहिला घाव सोसण्याची तयारी ठेवणाऱ्या देशाला एकच प्रश्न जिव्हाळ्याचा असतो: त्या घावानंतर आपल्याकडे काय शिल्लक राहील? एकाच ठिकाणी रचलेली शंभर अस्त्रे एका हल्ल्यात जाऊ शकतात. खोल समुद्रात दडलेली एक पाणबुडी मात्र शत्रूला निर्धास्त होऊ देत नाही.

म्हणूनच नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या ‘अरिहंत’ या अण्वस्त्रवाहू पाणबुडीने पूर्ण केलेली गस्त मला फार मोलाची वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘अरिघात’ही नौदलात दाखल झाली. तिथेही एक अडचण आहेच. पाणबुडीवरून डागायच्या ‘के-१५’ या क्षेपणास्त्राचा पल्ला जेमतेम ७५० किलोमीटर, ‘के-४’चा साडेतीन हजार, म्हणजे ‘के-४’च्याही टप्प्यात बीजिंग यायला पाणबुडीला बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाशी यावे लागते, जिथे दडायला जागा थोडी आणि पाणी उथळ. पल्ला आणखी दीड-दोन हजार किलोमीटरने वाढला, तर तीच पाणबुडी दक्षिणेकडच्या अथांग पाण्यात राहून तेवढीच जरब बसवू शकेल. आपला पैसा आणि आपल्या शास्त्रज्ञांची वर्षे आधी तिथे लागावीत, असे मला मनापासून वाटते.