घरी भरदार, हॉलमध्ये पत्रा: डिजिटल पियानोचा आवाज नेमका जातो कुठे?

नमस्कार मंडळी! गणपती जवळ आले की आपल्या चॅनलवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत यायला लागतो. "दादा, घरी पियानो एकदम भरदार वाजतो, आणि मंडळाच्या कार्यक्रमात तोच पत्र्यासारखा का वाजतो?" एका ताईंनी लिहिलंय, त्या डोंबिवलीला भावगीतांच्या कार्यक्रमात साथ करतात. तालमीला सगळे खूश होते. हॉलमध्ये मात्र गायिकेनं सांगितलं, पियानो राहू दे, पेटी पुरे. हे वाचून मला फार वाईट वाटलं. कारण त्यांनी पुढे जोडणीचं सगळं वर्णन दिलंय, आणि त्यावरून स्पष्ट दिसतं की वाद्य चांगलं होतं, हातही चांगला होता. घोळ केबलमध्ये होता.

साधं आधी उरकून टाकू. स्टँड डुगडुगणारा नको. पेडल पियानोसारखं घ्या, ते छोटं चौकोनी बटण नको. पॅच, म्हणजे वाद्यातला निवडलेला आवाज, ग्रँड पियानोचा. वाद्याचा व्हॉल्यूम पाऊणच्या वर ठेवा आणि कमी करायचं ते मिक्सरच्या गेनवर, म्हणजे आत येणारा सिग्नल कमी-जास्त करणाऱ्या नॉबवर, करा. झालं.

आता मुद्द्याचं. डिजिटल पियानोत जो आवाज असतो, तो बहुतेक वाद्यांत खऱ्या ग्रँड पियानोचं रेकॉर्डिंग असतो. ते स्टिरिओमध्ये, निदान दोन माइक लावून केलेलं असतं. हेडफोन लावला की खर्जाचे सूर थोडे डावीकडे, वरचे थोडे उजवीकडे, आणि मध्ये तुम्ही बसलेले. तो जो ऐसपैस, गोल आवाज आपल्याला आवडतो, तो या दोन चॅनलमुळे. पण आपल्याकडच्या बऱ्याच हॉलमध्ये आणि मांडवात साउंड मोनोच चालतो. म्हणजे कुठेतरी हे दोन चॅनल एक होणार. ते कुठे आणि कसे एक होतात, यावर सगळा खेळ आहे. आज मी हेच तीन बाजूंनी सांगणार आहे, कारण एकदा सांगून लोक सोडून देतात आणि परत कमेंटमध्ये लिहितात, "बेस किती ठेवू?"

पहिली बाजू. यामाहाचा पी-४५ आपल्याकडे घराघरांत दिसतो. त्याला मागे लाइन आउट नाही, फक्त हेडफोनचं भोक आहे. मग काय केलं जातं? दोन्ही टोकांना स्टिरिओ पी-३८ पिन (ती जाड, पाव इंची) असलेली केबल घ्यायची, एक टोक हेडफोनमध्ये, दुसरं मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये.

[पिन कॅमेऱ्याजवळ धरून]

ही पिन नीट बघा. हिच्यावर दोन काळ्या रेघा आहेत, म्हणजे तीन भाग झाले: टोक, मधली कडी आणि मागचा दांडा. हेडफोनच्या भोकात टोकावर डावा चॅनल येतो, कडीवर उजवा, दांडा अर्थिंगचा. पण मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट टोक आणि कडी म्हणजे एकाच सिग्नलची सुलटी आणि उलटी प्रत आहे असं धरून चालतं आणि एकातून दुसरं वजा करतं. माइकच्या लांब केबलमध्ये शिरलेली खरखर घालवायला ही योजना उत्तम आहे. पियानोचं मात्र डावं वजा उजवं होतं! दोन्हीकडे जे सारखं आहे ते शून्य. आणि दोन्हीकडे जवळजवळ सारखं काय असतं? खर्ज. सुराचा गाभा. उरतो तो कडेकडेचा आवाज, थोडा घुमारा, थोडी हातोड्यांची टकटक. त्या ताईंच्या कार्यक्रमात स्पीकरमधून हेच बाहेर पडत होतं.

अशा वेळी साउंडवाले दादा प्रामाणिकपणे बेसचा नॉब फिरवतात. पण जे वजा होऊन गेलंय ते नॉब कुठून आणणार? म्हणून मी "बेस वाढवा" या सल्ल्यावर इतका चिडतो. उपाय स्वस्त आहे: एका टोकाला स्टिरिओ पी-३८ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली केबल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मागा, तयार नसेल तर बनवून मिळते. दोन पिना, मिक्सरचे दोन चॅनल.

दुसरी बाजू. केबल बरोबर आहे, डावा-उजवा दोन चॅनलला गेलेत, पण मिक्सरवर दोन्हींचे पॅन, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवणारे नॉब, मध्यावर. बेरीज झाली. आता वजाबाकी नाही, तरी आवाज पोकळच. का? एखादा सूर एका माइकला आधी पोचतो, दुसऱ्याला जरा नंतर. समजा दोन अंतरांत ३४ सेंटीमीटरचा फरक आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १ मिलिसेकंद उशीर. एवढ्या उशिरानं ५०० हर्ट्झची लाट बरोबर उलटी पडते आणि दोघी एकमेकींना खातात. मग १५००, मग २५००. मधल्या सी-च्या वरचा बी घ्या, तो ४९४ हर्ट्झचा, म्हणजे ऐन चालीच्या जागेतला. प्रत्येक सुराचं अंतर वेगळं, म्हणून कुठला सूर दबतो, कुठला उठतो. तुम्हाला वाटतं हात असमान पडतोय. हात ठीक आहे हो!

तिसरी बाजू, आणि ही सगळ्यात कामाची. ज्या वाद्यांना मागे एल/मोनो (डावं) आणि आर (उजवं) अशी दोन भोकं असतात (पी-१२५ला त्यांची नावं एल/एल+आर आणि आर आहेत), तिथे फक्त एलमध्ये पिन घातली की वाद्य स्वतः दोन्ही चॅनल एकत्र करून देतं. मॅन्युअलही हेच सांगतं. पण आत होते ती बेरीजच. काही वाद्यांत ती छान लागते, काहींत तशीच पोकळ. ऐकून ठरवा. पोकळ वाटली तर आधी खास मोनो पियानोचा पॅच आहे का बघा, बऱ्याच स्टेज पियानोत असतो. नसेल तर आरच्या भोकात एक रिकामी पिन घालून ठेवा. नुसती पिन, मागे केबल नाही. वाद्याला वाटतं उजवीकडेही कोणीतरी जोडलंय, म्हणून एलमधून ते एकटा डावा चॅनल पाठवतं. डाव्या चॅनलमध्ये ८८ च्या ८८ पट्ट्या असतात, फक्त वरचे सूर जरा लांबून आल्यासारखे वाटतात. तेवढा तोटा परवडतो. सूर अखंड राहतो, छाती भरते. माझ्या पिशवीत अशी पिन कायम असते.

हे हॉलमध्ये जाऊन तपासू नका. नाटकाचा सेट निघतोय, मागून पुढच्या कार्यक्रमाची माणसं आत शिरतायत, अशात साउंड चेकला वेळ मिळतो तो किती! घरीच दोन्ही आउटपुट कुठल्याही छोट्या मिक्सरमधून मोनो करा, एका स्पीकरवर लावा, आणि सी-पासून सी-पर्यंत एकेक सूर सारख्या जोराने वाजवा. जो सूर दबेल त्याच्यासाठी जोडणी बदला.

आता स्पर्श. एका दर्शकानं कळकळीनं लिहिलंय की त्याच्या पियानोत "मऊ आवाजच नाही". आहे! पण तो तुमच्यापर्यंत पोचत नाही. खऱ्या पियानोत हातोडी जोरात आदळली की तिचं नमदं कडक वागतं आणि तारेतले वरचे स्वरांश उसळतात, हळू पडली की आवाज गडद होतो. चांगल्या डिजिटल पियानोत हळू, मध्यम, जोरात असे वेगवेगळे नमुने भरलेले असतात, आणि पट्टी किती वेगाने खाली गेली ते १ ते १२७ मध्ये मोजून त्यातला एक निवडला जातो. तुम्ही वाद्याचा व्हॉल्यूम कमी ठेवता, स्टेजवर स्वतःला ऐकू येत नाही, मग बडवता. बडवलं की सारखा तो चकचकीत, टणक नमुना वाजतो. व्हॉल्यूम वर घ्या, मॉनिटर (स्टेजवर स्वतःला ऐकायचा स्पीकर) स्वतःकडे वळवून मागा, टच सेटिंग हार्ड करून बघा, आणि हात हलका ठेवा. माझ्या मते उबदारपणा निम्म्याहून जास्त इथेच आहे.

बाकीचं भरभर. वाद्यातला रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, कार्यक्रमात बंद, हॉलचा आणि मिक्सरचा पुरतो. इक्यूमध्ये (मिक्सरवर आवाजाचा एकेक पट्टा कमी-जास्त करतात तिथे) ३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उतरवा. तबल्याचा डग्गा आणि बेस गिटार सोबत असेल तर २०० ते ४०० हर्ट्झमध्ये गढूळ होतं, तिथेही थोडं काढा, आणि डाव्या हाताचे ऑक्टेव्ह सोडा. डावा हात मधल्या सी-च्या खाली एक सप्तक एवढाच फिरवा. जनरेटरवर किंवा जुन्या इमारतीत घूं आवाज आला तर डीआय बॉक्सवरचा (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची डबी) ग्राउंड लिफ्टचा खटका दाबा. वाद्याच्या प्लगची अर्थची पिन काढणारे पाहिलेत मी. कृपा करून तसं करू नका, जिवाशी खेळ आहे तो.

आणि ते नेहमीचे, "खरा पियानो घ्या, डिजिटल कशाला?" खरा पियानो मला प्राणप्रिय आहे. पण अपराइट, म्हणजे उभा पियानो, सहसा २०० किलोच्या वर जातो, जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर चढवायचा, आणि मग आपल्या दमट हवेत लाकूड फुगतं, सूर सरकतात, ट्यूनरला पुन्हा पुन्हा बोलवावं लागतं. पी-४५ साडेअकरा किलोचा आहे. तो खांद्याला लावून कार्यक्रमाला जाणाऱ्या पोरापोरींना असं हिणवू नका.

चला, आता ऐकवतो. एकच तुकडा, तीन जोडण्या: आधी ती चुकीची स्टिरिओ केबल, मग दोन्ही चॅनलची बेरीज, मग आरमध्ये रिकामी पिन. हेडफोन काढा आणि एकाच छोट्या स्पीकरवर ऐका. चौथ्या मात्रेवर डाव्या हाताचा एफ येतो, त्याच्यावर कान ठेवा. तुमच्या वाद्याचं मॉडेल आणि मागच्या भोकांवर काय लिहिलंय ते कमेंटमध्ये टाका, कुठली केबल लागेल ते मी सांगतो.

[पियानोकडे वळून]

ही पहिली.