कातरणांचा कोळसा आणि रंगाऱ्याचं पाणी

मंडळी, लड्या रंगवून बाहेर काढल्या की हंड्यात जे रंगीत पाणी उरतं, त्याच्याविषयी आज बोलायचं आहे. छत्रपती संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. तिथं पैठणीचं रेशीम विणलं जातं, आणि आपण पितो ते पाणीही तिथल्याच नाथसागराचं. म्हणून हा प्रश्न मला परका वाटत नाही.

पाण्यातला रंग काढायला सक्रिय कार्बन, म्हणजे अतिशय बारीक छिद्रांचा कोळसा वापरतात. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम कोळशातल्या छिद्रांच्या भिंती मोजल्या, तर हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतात! रंगाचे रेणू त्या भिंतींना धरून बसतात. बाजारातला असा कोळसा बहुधा नारळाच्या करवंटीचा किंवा दगडी कोळशाचा असतो. पण कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि सेल्युलोजच्या वजनात 44 टक्के कार्बन. शिंप्याकडची कातरणं, वाकळीलाही न लागणाऱ्या चिंध्या, हा कच्चा माल आपल्या दारातच पडलेला आहे.

कृती थोडक्यात सांगतो. बटणं, चेन आणि प्लास्टिकची छपाई आधी काढून टाकायची. छपाईत पीव्हीसी असेल तर तापवताना आम्लाचा घातक वायू सुटतो. मग सुती चिंध्या फॉस्फोरिक आम्लात भिजवून, वाळवून, हवा लागू न देता 500 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायच्या. हवा लागली की हाती राखच येते. शेवटी कोळसा धुवायचा, आणि ते आम्लाचं धुवणही चुना घालून उदासीन करायचं. ते तसंच गटारात सोडलं, तर एक घाण काढायला दुसरी केली. आम्ल नको असेल तर वाफेची रीत आहे. पण तिला 800-900 अंश लागतात, इंधन जास्त जातं आणि कोळसा कमी मिळतो.

आता खरा मुद्दा. प्रयोगशाळेत कोळशाची परीक्षा बहुतेक वेळा मिथिलीन ब्लूवर होते. हा रंग स्वस्त आणि मोजायला सोपा. त्याचा रेणू लहान आणि धनभारित असतो, म्हणून तो बारीक छिद्रांत सहज शिरतो. सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग, मात्र ऋणभारित आणि रेणूनं मोठे. दोन नॅनोमीटरहून लहान छिद्रांत त्यांतले बरेच शिरतच नाहीत. शिवाय सुती रंगाईचं पाणी त्यात घातलेल्या सोड्यामुळे अल्कधर्मी असतं. अशा पाण्यात कोळशाच्या पृष्ठावरही ऋणभार येतो आणि तो रंगाला दूर लोटतो. म्हणून विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मिथिलीन ब्लूचा मोठा आकडा प्रबंधात लिहून थांबू नका.

रेशमाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला आशा वाटते ती इथंच. रेशमाला बहुधा आम्लरंग देतात. तेही ऋणभारितच, पण हंडा आम्लधर्मी असतो. आम्लात कोळशाच्या पृष्ठावर धनभार येतो आणि तो या रंगांना ओढून घेतो. म्हणजे रेशमाच्या हंड्यातलं उरलेलं पाणी कोळशाला आधीच अनुकूल असतं. ते सोड्याच्या पाण्यात मिसळू नका. थंड झालं की वेगळं ठेवा आणि आधी कोळशातून जाऊ द्या.

हिशोब मांडून बघू. लिटरभर पाण्यात 200 मिलिग्रॅम रंग उरला आणि एक ग्रॅम कोळशानं 100 मिलिग्रॅम धरला असं समजू. तर हजार लिटरला दोन किलो कोळसा लागेल. नुसत्या तापवण्यानं दहा किलो सुती चिंध्यांतून जेमतेम दोन-अडीच किलो हाती येतो. म्हणून हा उपाय छोट्या रंगाऱ्याला झेपेल. मोठ्या कारखान्यानं आधी दुसऱ्या प्रक्रिया करून शेवटचा उरलेला रंग काढायला तो ठेवावा.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. कोळसा रंग धरतो, मीठ धरत नाही. सुती रंगाईत मिठाचा वापर भरपूर असतो. पाणी नितळ दिसलं म्हणून ते शेतात सोडाल, तर त्यातलं सोडियम आपली काळी जमीन चोपण करून टाकील. तिच्यात पाणी मुरणार नाही, ढेकळं दगडासारखी होतील. रंगानं भरलेला कोळसाही उकिरड्यावर टाकायचा नाही. रंग त्याच्या पोटात शाबूत असतो. तो कोळसा पुन्हा तापवून वापरा, नाहीतर घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणीच द्या.

इथं बसलेल्या रंगारी बंधूंनी पुढच्या वेळी हंड्यातलं पाणी बाटलीत भरून आणावं. बाटलीवर धागा सुती की रेशमी, आणि हंड्यात आम्ल घातलं होतं की सोडा, एवढं लिहा. कातरणांचा कोळसा आपण त्याच पाण्यात घालून बघू.