डबा अजून बोलला नाही

(मुंबईत पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आपला विषय कागदावर ‘मानव-संगणक आंतरक्रिया’ असा छापला जातो, बोलताना आपण एचसीआय म्हणतो: माणसं यंत्रं कशी वापरतात याचा अभ्यास. मुंबईत या विषयाचं जुनं घर पवईला आहे, आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र, १९६९ साली सुरू झालेलं. तुमच्यापैकी काहींनी वापरला असेल तो स्वरचक्र कीबोर्ड तिथलाच. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याची बाराखडी चक्रासारखी उमलते. आपण लहानपणी क, का, कि, की घोकत अक्षरं शिकलो, आणि कीबोर्डची मांडणी त्याच शिकण्यातून आली. इंग्रजी कळफलक आणून त्यावर मराठी अक्षरं चिकटवली असती, तर हे सुचलं नसतं.

आज मला नेमकं याच्याबद्दल बोलायचं आहे. मार्गदर्शकाच्या हाताखाली वर्षभराचा प्रकल्प करताना तुम्ही माणसांशी मराठीत बोलता आणि वहीत इंग्रजी उतरवता. माझ्या मते निम्मं संशोधन तिथेच सांडतं.

एक उदाहरण सांगते. माझा एक विद्यार्थी भाजीवाल्यांसाठी हिशेबाचं ॲप करायचं ठरवून आला होता. स्क्रीनची चित्रंसुद्धा तयार होती. मी ती बाजूला ठेवायला लावली आणि त्याला तीन दिवस पहाटे दादरच्या बाजारात पाठवलं. वसईहून पहिल्या लोकलने माल घेऊन येणाऱ्या एका मावशींजवळ तो बसून राहिला. तिसऱ्या दिवशी आला तो गप्पच होता. मावशींच्या हाती फोनच नव्हता. क्यूआर कोड मुलाच्या खात्याचा, फोन मुलाकडे. मावशींचे हात सदा ओले, पालेभाजीवर पाणी मारायचं असतं. त्यांच्याजवळ होता तो फक्त पैसे आल्याचं बोलून सांगणारा छोटा स्पीकर. त्या त्याला डबा म्हणत.

म्हणजे ॲपचा प्रश्नच उरला नाही. मग दोन महिने आम्ही प्रश्न लहान करत होतो. तो शेवटी असा झाला: पैसे आल्याची खात्री विक्रेती कशी करून घेते? यूपीआय २०१६ साली सुरू झालं, ते चालवणाऱ्या एनपीसीआयचं मुख्य कार्यालय याच शहरात आहे, आणि दादरच्या पुलाखाली हा प्रश्न रोज शंभर वेळा उभा राहतो. एवढा प्रश्न वर्षाला पुरतो. ‘डिजिटल व्यवहार आणि समाज’ असला विषय घेऊन येणाऱ्या मुलांना मी पहिल्या भेटीतच परत पाठवते. त्यांना वाईट वाटतं, मला माहीत आहे.

आता त्याची वही. मावशी एका गिऱ्हाइकाला म्हणाल्या होत्या, “थांब जरा, डबा अजून बोलला नाही.” वहीत इंग्रजीत नोंद होती: व्यवहार प्रलंबित. मी रेकॉर्डिंग ऐकलं आणि त्याला तेच वाक्य देवनागरीत लिहायला लावलं. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर हिरवी खूण आली होती. त्याच्या दृष्टीने पैसे गेले होते. मावशींच्या दृष्टीने डबा बोलेपर्यंत काही घडलंच नव्हतं. दोघं एकाच व्यवहाराच्या दोन वेगळ्या क्षणी उभे होते. ‘प्रलंबित’ लिहिलंत की ते दिसत नाही.

माणसं यंत्रापुढे अडतात तेव्हा काय बोलतात, ते कान देऊन ऐका. स्टेशनवर तिकिटाच्या एटीव्हीएमपाशी अर्धा तास उभे राहा. कुणी म्हणतं, “माझं चुकलं.” कुणी म्हणतं, “मला नाही जमत.” कुणी म्हणतं, “हे घेतच नाही.” कुणी नुसतं, “नाही झालं.” पहिला दोष स्वतःकडे घेतो, दुसरी स्वतःला त्या कामाच्या बाहेरच काढते, तिसरा दोष यंत्राला देतो, चौथ्याच्या वाक्यात कर्ताच नाही. इंग्रजी तक्त्यात चौघांपुढे तुम्ही एकच शब्द लिहिता: अयशस्वी. डिझाइनचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी फार पूर्वी लिहून ठेवलंय की वाईट रचनेचा दोष माणसं स्वतःच्या माथी घेतात. आपल्या भाषेत हा दोष कुठे ठेवला ते क्रियापदातच ऐकू येतं. इतका आयता पुरावा टाकून देऊ नका.

आणि थेट विचाराल, “काही अडचण आली का?” तर उत्तर येईल, “नाही नाही, छान आहे.” आपल्याकडे घरी आलेल्याचं मन मोडत नाहीत. मनात येईल ते बोलत बोलत वापरा, असं सांगितलं तर आपली माणसं संकोचतात, एकट्याने मोठ्याने बोलणं चमत्कारिक वाटतं. अशा वेळी जोडीने बसवा, दोन जावा, दोन मैत्रिणी. त्या एकमेकींशी बोलतील आणि तुम्ही ऐकाल. मानववंशशास्त्रज्ञ ल्युसी सचमन यांनी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत फोटोकॉपी यंत्रापुढे माणसांना असंच जोडीने बसवलं होतं. यंत्राने वापरणाऱ्याची एक योजना गृहीत धरली होती आणि माणसं समोर येईल तसं करत होती, हे त्या संवादातून दिसलं. त्यांचं पुस्तक १९८७ साली आलं.

प्रश्नावल्यांचंही तेच. एखादी गोष्ट वापरायला किती सोपी वाटते ते मोजणारी, जॉन ब्रुक यांची १९८६ सालची एसयूएस सगळेच वापरतात, १० विधानं, शेवटी ० ते १०० गुण. तिच्या भाषांतरात एका विधानाला ‘उगाच किचकट’ आणि दुसऱ्याला ‘वापरायला जिकिरीचं’ असं लिहिलं, तर समोरचा म्हणतो, “हे विचारलंत की मघाशी.” भाषांतर आधी चार-पाच जणांना मोठ्याने वाचून दाखवा, मगच वापरा.

आकड्यांबद्दल थोडंच बोलते. ‘चाचणीला पाच माणसं पुरतात’ हे वाक्य तुम्ही सगळे तोंडावर फेकता. तो हिशेब नील्सन आणि लँडाउअर या संशोधकांच्या कामातून आला. एका माणसाला एखादी अडचण सापडण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. तो अडचणी शोधण्यापुरता आहे. दोन रचनांत उजवी कोणती, हे पाच माणसांवर ठरत नाही.

गाइडच्या भेटीला काय आणायचं, असं मुलं विचारतात. स्लाइड नको. रेकॉर्डिंगमधली दोन मिनिटं आणि त्याचं शब्दशः लिहिलेलं पान आणा. तुम्हाला कळलं नाही ते पान आणा. मी उत्तर देणार नाही, पुन्हा कुठे जाऊन बसायचं तेवढं सांगेन. यात वेळ जातो आणि तुम्ही चिडता, तरीही मी हेच करते. मीही अशीच शिकले.

संमतीबद्दल एक सांगायला हवं. त्या मावशींनी विचारलं होतं, “मग आता माझा डबा लवकर बोलणार का?” माझ्या विद्यार्थ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आमच्या संमतीपत्राचं पहिलंच वाक्य असं आहे: या कामामुळे तुमचं यंत्र बदलणार नाही. ते वाचून दाखवल्यावर काही जण नको म्हणतात आणि कामाला लागतात. त्यांना तो हक्क आहे.

प्रबंध देण्याच्या तीन आठवडे आधी तो पुन्हा मावशींकडे गेला आणि त्यांचीच वाक्यं त्यांना वाचून दाखवली. त्याने निष्कर्ष काढला होता की विक्रेतीचा गिऱ्हाइकावर विश्वास नाही, म्हणून ती आवाजाची वाट पाहते. मावशी भाजीवर पाणी मारत होत्या. म्हणाल्या, “अरे, गिऱ्हाईक कशाला खोटं बोलेल? पैसे जातात पोराच्या खात्यावर. किती वेळा बोलला ते मी मोजते. संध्याकाळी त्याच्याकडून मागायचे असतात ना.”

चौथं प्रकरण त्याने पुन्हा लिहिलं.