टेन्शन घेऊ नको म्हणणाऱ्यांना

(दृश्य: लातूर, गंजगोलाई, सकाळची गर्दी. कॅमेरा चेहऱ्यांवर नाही, हातांवर.)

ज्या आजाराबद्दल आज बोलायचंय त्याचं औषध या चौकातल्या प्रत्येकाला माहितीय. गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, कुठल्याही रस्त्यावर उभं राहा, कोणालाही कोपर दाखवा, आधी विचारणार हे काय झालंय, मग सांगणार वांगं बंद कर, बेसन बंद कर, आमच्या मेव्हण्याला एका बाबाच्या पुडीनं फरक पडला, आणि जाता जाता हात मिळवायचं टाळून म्हणणार, टेन्शन घेऊ नको.

आजाराचं नाव सोरायसिस. अंगावर लाल चट्टे उठतात, वर पांढुरका चंदेरी पापुद्रा धरतो, कोपर, गुडघे, डोक्यात केसांच्या आत, कमरेला, काही जणांना तळहातावर सुद्धा. आपल्या कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना लागतो, सोरायसिसमध्ये तेच काम ३ ते ५ दिवसांत उरकतं, कारण शरीराची प्रतिकारशक्तीच उगं चवताळलेली असते, मग जुनं पडायच्या आत नवं तयार, ते साचतं आणि गळत राहतं, अंथरुणावर, काळ्या शर्टाच्या खांद्यावर, दुसऱ्याच्या सोफ्यावर. रक्त खराब नसतं. घाणीनं होत नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, शिवून नाही, टॉवेलनं नाही, एका ताटात जेवून बी नाही. घराण्यात असेल तर व्हायची शक्यता जास्त. कायमचं मुळापासून जाईल असं औषध अजून निघालेलं नाही, पण नीट उपचार घेतले तर लई दिवस शांत राहतं आणि मग कधीतरी परत उठतं. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत यावर ठराव झाला, की हा आजार गंभीर आहे आणि तो झालेल्यांच्या मनावर, समाजातल्या वावरण्यावर याचा भार पडतो. २९ ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिवस असतो, आपल्याकडं तो कोणाला माहीत असायचं काही कारण नाही.

हे मला पाठ आहे कारण मला पण आहे. कॉलेजात असताना सुरू झालं.

(दृश्य: दुपार, रिकामा रस्ता, फुल बाह्यांचा शर्ट घातलेला माणूस पाठमोरा.)

मे महिन्यात लातुरात पारा ४० च्या वर जातो आणि त्यात फुल शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. लोकांना वाटतं लईच साहेब माणूस आहे. गंमत अशी की सोरायसिसच्या बहुतेक पेशंटना उन्हानं बरं वाटतं, दवाखान्यात सुद्धा ठराविक अतिनील प्रकाशाच्या मशीनसमोर उभं करून उपचार करतात. म्हणजे देवानं मराठवाड्याला पाणी हात आखडून दिलं आणि ऊन भरभरून, आणि ज्याला त्या उन्हाचा उपयोग तोच ते बाहीखाली अडवून फिरतोय, कोणी बघू नये म्हणून. (ऐकून लगेच दुपारी गच्चीवर जाऊन झोपू नका, कातडी भाजली की चट्टे वाढतात आणि काहींना ऊन सोसतच नाही, आधी डॉक्टरांना विचारा.) २०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, तेव्हा अंघोळ हा चर्चेचा विषय होता, आणि खरं सांगू का, त्या वर्षी मला जरा बरं वाटलं होतं, सगळ्यांचीच अंगं कोरडी, सगळेच खाजवायलेत.

आता टेन्शनचं. टेन्शननं सोरायसिस वाढतो हे खोटं नाही, पेशंटला ते कोणी सांगायची गरजच नसते, परीक्षा, लग्नाची बोलणी, पिकाचा भाव पडला, की आठ-पंधरा दिवसांत अंगावर उमटतं. मग ते लोकांना दिसतं, लोक बघतात, त्याचं टेन्शन येतं, आणि ते टेन्शन परत अंगावर येतं. त्यात माणूस घाबरला की खाजवतो, आणि जिथं खाजवलं, खरचटलं, घासलं तिथं नवा चट्टा उठतो, कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरनं हे एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय. आपल्याकडं ते करदोट्याखाली दिसतं, परकराच्या नाडीखाली दिसतं. अशा माणसाला टेन्शन घेऊ नको म्हणणं म्हणजे काय, तर तुझं तूच वाढवून घेतलंस असं गोड आवाजात सांगणं. मला त्या वाक्याचा राग येतो. म्हणणाऱ्याचा नाही येत, त्याला दुसरं काही सुचत नसतं.

बरं, मनाचा उपयोग होतो हे अभ्यासात पण दिसलंय. १९९८ मध्ये अमेरिकेत ३७ पेशंटवर एक प्रयोग छापून आला, सगळ्यांना प्रकाशाचे उपचार चालू होते, त्यातल्या काहींना मशीनमध्ये उभं असताना ध्यानाची कॅसेट ऐकवली, त्यांची कातडी लवकर साफ झाली. पण नीट ऐका, उपचार चालू असताना. कॅसेट ऐका आणि मलम फेकून द्या असं त्यात कुठंच नाही, आपल्याकडं मात्र अर्धंच ऐकायची सवय.

(दृश्य: हॉस्टेलच्या खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. पुस्तकांचा ढीग.)

लातूर म्हणलं की पॅटर्न आणि पॅटर्न म्हणलं की हॉस्टेल. जिल्ह्याजिल्ह्यातनं लेकरं येतात, नीटची तयारी, एका खोलीत तिघी-चौघी. त्यातल्या एका पोरीशी बोललो, तिच्या हट्टानं तिचा चेहरा, आवाज, गाव काहीच इथं नाही. डोक्यात आणि पाठीवर आहे तिला. पहिल्या आठवड्यात एका पोरीनं खोली बदलून मागितली, दुसरीनं आपली बादली वेगळी ठेवली, तोंडानं कोणी काही बोललं नाही. न बोलणारे लोक जास्त लागतात असं ती म्हणाली, विचारलं तर सांगता तरी येतं. मग ही काय करायची, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अंथरूण झटकायची, झाडून घ्यायची, झोप पुरी नाही, वर्गात पेंग, टेस्टमध्ये मार्क कमी, आईचा फोन, आई म्हणणार टेन्शन घेऊ नको बाळा.

तिच्याच खोलीत तिसरी एक पोरगी होती, परभणीकडची, तोंडाळ. तिनं एक दिवस सरळ विचारलं, हे काय हाय गं, मला होईल का. ही म्हणाली, नाही होत. ती म्हणाली, बरं, आण मग मलम, पाठीला तुझा हात पुरत नसंल. तेव्हापासून रात्री पाठीला मलम लावून देते आणि एका वेळची एक मॅगी घेते. फुकट काही नाही. रडायला आली की म्हणते, टेन्शनच घ्यायचं तर फिजिक्सचं घे की.

मला वाटतं हे मोठं काम आहे, मलम लावायला पाठीपाशी एक माणूस असणं. घरोघरी पेशंट आहेत ज्यांच्या पाठीला कोणी हात लावत नाही, नवरा लावत नाही, बायको लावत नाही, आणि ते डॉक्टरला सांगत बी नाहीत. डॉक्टर म्हणतो कसंय, पेशंट म्हणतो ठीकंय, दोन मिनिटांत नंबर संपला. १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफच्या दोन डॉक्टरांनी १० प्रश्नांचा एक कागद तयार केला, गेल्या आठवड्यात कातडीमुळं लाज वाटली का, कपडे बदलावे लागले का, बाजारात जायला अडचण आली का, कामावर, अभ्यासावर परिणाम झाला का, नवरा-बायकोत, मित्रांत काही बिनसलं का, शरीरसंबंधाला अडचण आली का. एकूण ३० मार्क, आणि इथं मार्क जास्त म्हणजे वाईट, १० च्या वर गेले की आजारानं तुमचं जगणं बरंच धरलंय असं समजतात. चट्टे तळहाताएवढे असले तरी मार्क २० येऊ शकतात. म्हणून पुढच्या वेळी ठीकंय म्हणू नका, मी बाजारात जायचं सोडलंय असं म्हणा, त्यावर औषध बदलायचं का ते ठरतं. लातूरला, अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, संभाजीनगरला घाटीचा सरकारी दवाखाना आहे. आणि रात्री एकटं असताना जगून काय करायचं असं मनात आलं तर १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात.

(दृश्य: येळवस. शेत, कडब्याची कोप, माणसं जेवताना.)

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव रानात. ती येते ऐन थंडीत, जेव्हा हवा कोरडी आणि सोरायसिस जोरात. भज्जी, उंडे, आंबील, बोलवून बोलवून जेवू घालतात. एका वर्षी मामीनं सगळ्यांना तांब्यातनं आंबील दिली आणि मला निराळा प्लास्टिकचा ग्लास पुढं केला. मामी वाईट नाही, तिला कोणीतरी सांगितलेलं. मी काही बोललो नाही, पण आज्जीनं बघितलं आणि भर पंगतीत म्हणाली, त्यालाच कामून गं निराळा, मला बी दे तसला, तांब्या जड होतोय मला. लोक हसले, मामी लाजली, विषय संपला. कोणाला लेक्चर नाही, काही नाही. पेशंटनं प्रत्येक येळवशीला, प्रत्येक लग्नात उभं राहून समजावून सांगत बसायचं का? मी नाही सांगत आता. ज्याच्याशी रोज संबंध आहे त्याला सांगतो, एक वाक्य ठेवलंय, हा सोरायसिस आहे, लागत नाही, औषध चालू आहे. बसमध्ये शेजारचा उठून गेला तर मी दोन्ही सीटवर बसतो.

एक अजून. लई पेशंट स्वतःची बाजू मांडताना म्हणतात, हा काय महारोग नाही. मला ते खटकतं. कुष्ठरोग औषधानं बरा होतो, औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्याची लागण पसरायची थांबते, आपण सुटावं म्हणून त्या माणसाला कशाला पुढं ढकलायचं.

(दृश्य: चहाची टपरी, उकळणारा चहा, गाळणी धरलेला हात जवळून.)

हे काका बसस्टँडच्या अलीकडं टपरी चालवतात. तळहातावर आहे त्यांना, भेगा पडतात, हिवाळ्यात रक्त येतं, आणि धंदा असा की सगळा हाताचाच. मधी त्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून पुडी घेतली, आठवड्यात हात साफ, मग पुडी संपली आणि सगळं अंग लाल, थंडी वाजायला लागली, दवाखान्यात ॲडमिट. अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, ते एकदम बंद झालं की आजार दुप्पट उसळतो, जिवावर बेततं. आता ते आठवड्यातनं एकदा गोळी घेतात, एकदाच, रोज नाही, रोज घेतली तर तीच गोळी घात करते, म्हणून काकूनं कॅलेंडरवर दर रविवारी खूण केलीय आणि ठरलेल्या वेळी रक्त तपासून आणतात.

आजार उघडा पडला तेव्हा काही दिवस त्यांनी काकूंना पुढं बसवलं आणि स्वतः मागं भांडी घासत बसले, साबणानं हात अजून फाटले. मग काकूच म्हणाल्या, मला उकळायचा अंदाज येत नाही, गिऱ्हाईक तुमच्या हाताच्या च्यासाठी यायचं. ते परत पुढं आले. पोरानं सुचवलं, बाबा बोर्ड लावू, हा रोग संसर्गजन्य नाही असा. काका म्हणाले, च्या पाजायलोय का हात दाखवायलोय? बोर्ड लागला नाही. आता घासायचं काम पोराकडं, काका रात्री हाताला व्हॅसलीन चोपडून सुती मोजे घालून झोपतात.

गिऱ्हाईक बरंचसं परत आलं. सगळं नाही. समोरच्या दुकानातला एक जण अजून येत नाही, रोज यांच्यासमोरनं पलीकडच्या टपरीवर जातो. वाईट वाटतं का म्हणून विचारलं. काकांनी गाळणी आपटली, म्हणाले, आधी वाटायचं. आता बघा, तिकडचा च्या निस्ता पाणचट हाय, आणि त्यो रोज पैसे देऊन पितो. घ्या, तुमचा गार व्हायलाय.