21,000ची रेघ

सकाळचे सात. चाकणच्या एमआयडीसीत रात्रपाळी सुटली आहे. गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ठेकेदाराकडचा एक कामगार मोबाइलवर पगारपत्रक उघडून दाखवतो. कपातीच्या रकान्यात बोट थांबतं : ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, 150 रुपये.

घरातल्या पाच माणसांचं दुखणंखुपणं या दीडशे रुपयांवर निभतं. पगार 20,000. त्यातला पाऊण टक्का त्याचा, सव्वातीन टक्के, म्हणजे 650 रुपये, मालकाचे. त्यावर बायको, मुलं, अवलंबून असलेली आई, सगळ्यांना कामगार विम्याचा दवाखाना. अमुक लाखांपर्यंतच, अशी उपचाराला मर्यादा नाही. तोच आजारी पडून घरी बसला, तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराचे 70 टक्के मिळतात. त्यासाठी ठरलेल्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते.

ठेक्यावरच्या माणसाचं इथेच अडतं. सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’. काम थांबलं की वर्गणी थांबते, आणि पुढच्या सहामाहीत हे 78 दिवस भरतीलच असं नाही. नवा ठेकेदार मिळाला तर त्याला जुनाच विमा क्रमांक द्यायचा, एवढं तरी प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवावं. नोकरी बदलली तरी तो क्रमांक बदलत नाही.

या कामगाराची अडचण मात्र वेगळी आहे. त्याचा पगार वाढतो आहे.

ऑगस्टपासून 21,500. कामगार विम्यासाठी पगाराची मर्यादा 21,000, जानेवारी 2017मध्ये ठरलेली. त्यानंतर भाडं वाढलं, गॅस वाढला, पगारही थोडेफार वाढले. ती रेघ वर्षानुवर्षं तिथेच राहिली. ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नाहीत, पण ही वाढ मूळ पगारातली आहे. कायम कामगारांना कंपनीची ग्रुप पॉलिसी असते. ठेक्यावरच्यांना इथे ती नाही. बाहेरून पॉलिसी घ्यावी, तर आईला मधुमेह. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पाचशे रुपयांनी रेघ ओलांडली म्हणून माणसाचा दवाखाना सुटावा, हा अन्याय आहे.

पगार वाढला तरी चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, वर्गणी कापली जाईल. तिच्या जोरावर पुढच्या जूनअखेरपर्यंत दवाखाना चालेल.

चहाचा ग्लास ठेवून तो पिशवी उघडतो. डब्याखाली कागदी पुडीत आईच्या शुगरच्या गोळ्या आहेत, काल दवाखान्यातून आणलेल्या. पुडीवर पेनाने लिहिलंय : सकाळी एक, रात्री एक.