दगड, डिंक आणि एक आजारी मुलगी

(पडद्यावर: उशीला टेकलेला चेहरा, अगदी जवळून)

लालसर, विस्कटलेले केस. उशीवर रेललेलं डोकं. अंथरूण म्हणावं तर नुसत्या ओरखड्यांसारख्या रेघा. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याने १८९६ साली पॅरिसमध्ये केलेलं हे रंगीत शिळाछाप चित्र, 'आजारी मुलगी'. मुंकची बहीण सोफी क्षयाने गेली, तेव्हा ती १५ वर्षांची होती. याच आठवणीवर त्याने आधी तैलचित्र केलं होतं. त्यात शेजारी मान खाली घालून बसलेली बाई आहे, औषधाची बाटली आहे, पेला आहे. दगडावर काम करताना त्याने ते सगळं वगळलं.

(पडद्यावर: ओला दगड, शाईचा रूळ)

घासून गुळगुळीत केलेला चुनखडीचा दगड. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं, वरून डिंकाचं पाणी आणि थोडं आम्ल लावायचं. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट रेघ शाई धरते, ओली जागा शाईला थारा देत नाही. दगड सुकला की कोऱ्या जागेवरही शाई चढते. नागपूरच्या मे महिन्यात हे काम करायचं तर हातातला ओला स्पंज खाली ठेवायची सोय नाही! रंगीत छापाला तर प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसला पाहिजे.

हे तंत्र आपल्याला परकं नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत पोचल्या. तिथे सगळं कसब रंग एकमेकांत मिसळून दगडाची खूण पुसण्यात होतं. साडी साडीसारखी, कमळ कमळासारखं दिसायला हवं. मुंकला ते नको होतं. त्याचा चित्रकार मित्र पॉल हेर्मान सांगे, की पॅरिसमधल्या ओग्यूस्त क्लोच्या छापखान्यात दगड ओळीने मांडलेले असायचे, मुंक डोळे मिटून हवेत बोट फिरवायचा आणि रंग सांगत जायचा: राखाडी, हिरवा, निळा, तपकिरी. त्याच दगडांवरून मग वेगवेगळ्या रंगांच्या प्रती निघाल्या. एकीत मुलगी तापाने फणफणलेली वाटते, दुसरीत रक्त आटल्यासारखी. रेघ तीच, बदलला तो रंग.

(पडद्यावर: मारबतीची मिरवणूक, गर्दी)

माझ्या मते अमूर्त चित्राची, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवणाऱ्या चित्राची, वाट इथूनच फुटते. रंगाला वस्तूची चाकरी सोडू द्या, तो स्वतःच बोलू लागतो. नागपूरकराला हे पटवून द्यायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापीडेचे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, 'रोगराई घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी उठते. काळा आणि पिवळा, दोनच रंग. त्यांच्यावर अख्खं शहर आपली इडापीडा लादतं. त्या गर्दीत 'पिवळाच का' असं कोणी विचारत नाही. आर्ट गॅलरीत मात्र तोच माणूस अडखळतो, 'हे काय काढलंय?' म्हणतो.

(पडद्यावर: रंगाचे थर, हळूहळू सरकणारा कॅमेरा)

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे याच शहरात जन्मले, १९२४ साली. चित्रकार सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या जंगलातून आले आणि १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. पुढे रझांनी बिंदूत अख्खी सृष्टी पाहिली. गायतोंड्यांनी तर बिंदूचाही आधार घेतला नाही. त्यांनीही रूळ वापरला, कॅनव्हासवर. रंग चढवायचा, पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या बोथट सुरीने, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. त्यांच्या चित्रासमोर उभे राहिलात, तर आकार शोधू नका. खालचा थर वरच्या थरातून कुठे डोकावतो तेवढंच बघा, आणि त्याला वेळ द्या. गायतोंडे वर्षाला पाच-सहाच चित्रं पूर्ण करत.