हिज्कीयानं फोडलेला सर्प

(पुण्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गणपती जवळ आले की आपली तरुण मुलं हमखास विचारतात: ऑफिसात आरती झाली, प्रसादाचं ताट टेबलावर आलं, आता काय करायचं? प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या, नव्या करारातल्या पहिल्या पत्रात, आठव्या आणि दहाव्या अध्यायात, यावर सविस्तर लिहिलंय. प्रभूच्या मेजावर बसणाऱ्यानं दुसऱ्या पूजेत भागी होऊ नये, हे ठाम. पण बाजारातलं मांस आधी कुठे वाहिलं होतं का, याची चौकशी करत फिरू नका, असंही तोच म्हणतो. नैवेद्य म्हणून कुणी पुढे केलं तर हात जोडून नको म्हणा. तिथे प्रवचन झोडू नका. एवढं पुरे. मला आज बोलायचंय ते आपल्या घरातल्या मूर्तींविषयी.

बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांना साप डसतात. देवच मोशेला सांगतो, सर्प करून खांबावर लाव, जो त्याच्याकडे पाहील तो जगेल. मोशे पितळेचा सर्प करतो, लोक वाचतात. पुढे कित्येक शतकं त्या सर्पाचं काय झालं, शास्त्र सांगत नाही. एकदम २ राजे १८:४ मध्ये हिज्कीया राजा त्याचे तुकडे करताना दिसतो, कारण तोवर लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. हा काही बआल या परक्या दैवताच्या देवळातून आलेला नव्हता, बरं का. देवानं सांगून घडवलेला, मोशेच्या हातचा, बापजाद्यांचे प्राण वाचवलेला! योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशू स्वतःच्या उंच केलं जाण्याला, म्हणजे क्रुसावर टांगलं जाण्याला, त्याचाच दाखला देतो. असली वस्तू फोडायला छाती लागते. आज कुणी फोडली तर मंडळीची पंचकमिटी त्याच्याकडून आधी माफीनामा लिहून घेईल.

आपल्यापैकी कितीजणांच्या शोकेसमध्ये पाहुण्यांच्या कपबश्यांशेजारी सभेत प्रार्थना केलेल्या तेलाची छोटी बाटली असते? वर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेननं सभेची तारीख. ताप आला की बोटभर तेल कपाळाला. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा, असं नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातच सांगितलंय, तेव्हा तेलावर माझा राग नाही. पण मंडळीच्या वडिलांना बोलवा, एकमेकांजवळ पापं कबूल करा, हेही तिथेच लिहिलंय. ते सगळं गळतं, बाटली राहते. संपत आली की तीत खोबरेल ओतून पुरवठ्याला आणणारी माणसंही मी पाहिली आहेत.

आता पौलाकडे बघा. अथेन्सात मूर्तींनी भरलेलं शहर पाहून त्याचा जीव तळमळला, तरी एकाही वेदीला त्यानं हात लावला नाही. इफिसात चांदीचे देव्हारे करणाऱ्या देमेत्रियानं लोकांना भडकवलं, तेव्हा शहराच्या चिटणिसानंच साक्ष दिली की या माणसांनी देवळं लुटलेली नाहीत आणि आमच्या देवीची निंदाही केलेली नाही. हिज्कीयानं फोडला तो स्वतःच्या लोकांचा सर्प. आपल्यातले काही जोशातले प्रचारक नेमका उलटा क्रम लावतात.

राहता राहिली शुद्धता. इथेच, पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये, १८९० साली टिळक, रानडे वगैरे मंडळी एका कार्यक्रमाला गेली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, आणि नावं वर्तमानपत्रात छापून आल्यावर केवढं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, झालं! रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं. हा किस्सा सांगताना आपल्याला गुदगुल्या होतात. बाहेरून पोटात जाणारं माणसाला विटाळवत नाही, हे मार्काच्या शुभवर्तमानातलं येशूचं वचन आपण लगेच तोंडावर फेकतो. मग आपल्या विवाहसूचक फॉर्मात ‘मूळ घराणं’ हा रकाना कशाला? जात लिहायची लाज वाटली म्हणून घराणं लिहिलं, एवढंच. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या, तरी स्थळ आलं की चौकशी पणजोबांची. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला, तेव्हा पौलानं त्याला सगळ्यांदेखत धारेवर धरलं. मोठा प्रेषित म्हणून गय केली नाही. विटाळाची ही मूर्ती आपण जुन्या घरातून गाठोड्यात बांधून आणली, आणि तिला देव्हारा लागत नाही म्हणून ती कुणाला दिसत नाही.

येत्या सभेत तो रकाना काढून टाकण्याचा ठराव मी मांडणार आहे. सूचक मी. अनुमोदक तुमच्यातून हवा. नाव आत्ताच सेक्रेटरींकडे दिलंत तर बरं.